लाल ठिपका वर

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध होता. आत्या म्हणायची, हिच्या बाळघुटीत कोणीतरी भिवापुरी मिरची उगाळली असणार. त्या रागापायी मी ज्यांना ज्यांना टाकून बोलले त्यांची यादी मोठी आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. एका माणसाबद्दल मात्र वाटतं. ते आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपातले मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, मी काका म्हणायचे.

एकोणीसशे सत्तर उलटून चार-पाच वर्षं झाली होती. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते, म्हणजे मुलांना प्रात्यक्षिकं करून दाखवणारी. नोकरी हंगामी. सहा महिन्यांची ऑर्डर निघायची, ती संपली की पुढची निघेपर्यंत जीव टांगणीला. वडील उमरेडच्या कोळसा खाणीत होते. छप्पन्न साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती, की ही पोर शिकेल. मी शिकले, एम. एस्सी. झाले, तरी त्यांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मी आत्याकडे राहायचे. ते एस.टी.तून उतरून तिथे आले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "काय वं बाई, पक्की झाली का तुही नोकरी?" मी नाही म्हटलं की म्हणायचे, "होईन. काहून नाही होणार?" आणि मग पाणी प्यायचे. मला दरवेळी रडू यायचं, आणि ते लपवायला मी आत्यावर ओरडायचे.

त्या वर्षी पक्कं होण्याची एक वाट दिसली. आमच्या विभागाचे सर कॉलेजात मायक्रोवेव्हची स्वतंत्र प्रयोगशाळा मागत होते. दसरा रविवारी होता आणि सोमवारी अकरा वाजता दिल्लीहून तिघांची समिती यायची होती. त्यांनी होकार दिला तर प्रयोगशाळेबरोबर एक कायमची जागा येणार होती, आणि ती माझी. नाही दिला तर माझी ऑर्डर दिवाळीच्या आत संपत होती. पुढची निघणार नाही, हेही सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

समितीला दाखवण्याजोगी आमच्याकडे एकच चीज होती. आम्ही स्वतःच्या हातांनी बनवलेला सर्क्युलेटर.

हे काय प्रकरण आहे ते मी त्या काळात आत्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, तेव्हा आताही सांगते. रडारमध्ये किंवा ट्रंककॉलच्या उंच मनोऱ्यांवर ज्या लाटा वापरतात त्या रेडिओच्याच जातीच्या, पण फार आखूड. आमच्या प्रयोगशाळेतली लाट जेमतेम तीन सेंटिमीटरची. साध्या तारेतून नेली तर ती वाटेतच गळून जाते, म्हणून पितळेच्या चौकोनी पोकळ नळीतून न्यावी लागते. त्या नळीला वेव्हगाइड म्हणतात. अशा तीन नळ्या एका ठिकाणी जोडल्या की झाला तीन रस्त्यांचा चौक, आणि नागपूरकराला चौक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सर्क्युलेटरच्या चौकाचा नियम एवढाच, की पहिल्या तोंडातून शिरलेली लाट दुसऱ्यातूनच बाहेर पडणार, दुसऱ्यातून शिरलेली तिसऱ्यातून, आणि तिसऱ्यातून शिरलेली पहिल्यातून. उलट फिरायला बंदी. त्यामुळे एकाच अँटेनावर बोलताही येतं आणि ऐकताही येतं. शिवाय लाट निर्माण करणारा क्लायस्ट्रॉन नावाचा जो नाजूक दिवा असतो, त्याच्या अंगावर त्याचीच लाट परत येऊन आदळत नाही.

मजा अशी की या चौकात पोलीस नाही, फाटक नाही, हलणारं काहीच नाही. मध्यभागी फेराइटची एक काळी वडी असते आणि नळीच्या बाहेर, तिच्या बरोबर वर आणि खाली, एकेक लोहचुंबक. फेराइट म्हणजे लोखंडाचा गंज आणि आणखी काही धातूंची भस्मं एकत्र भाजून केलेली खापरासारखी वस्तू. चुंबकाला ती लोखंडासारखीच भुलते, पण वीज वाहू देत नाही, म्हणून लाट तिच्यातून पार जाऊ शकते. तिच्या आत असंख्य इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखे गरगरत असतात. चुंबक लावला की ते सगळे भोवरे एकाच बाजूने डुलायला लागतात. आता पहिल्या तोंडातून आलेली लाट वडीपाशी दुभंगते. अर्धी डावीकडून वळसा घालते, अर्धी उजवीकडून. डुलण्याच्या दिशेने जाणारीचा वेग एक, विरुद्ध जाणारीचा दुसरा. त्यामुळे दुसऱ्या तोंडाशी दोघी अशा पोचतात की एकमेकींना हात देतात, आणि तिसऱ्या तोंडाशी अशा पोचतात की एकमेकींना पुसून टाकतात. तिथे शुकशुकाट. दोन्ही चुंबक पालथे घातले तर भोवरे उलट्या बाजूने डुलतात आणि सगळी वाहतूक उलटी फिरते. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं होतं की मुलं माझ्याआधी वाक्य पूर्ण करायची.

असा सर्क्युलेटर परदेशातून मागवायची आमची ऐपत नव्हती. फेराइटच्या वड्या सरांनी बंगलोरहून रुमालात बांधून आणल्या. चुंबक आले सीताबर्डीवरून, जुन्या रेडिओंच्या फुटक्या लाउडस्पीकरमधले, चपटे आणि गोल. पितळेचं सगळं काम मिस्त्रीकाकांचं. ते भंडाऱ्याचे. घरात तीन पिढ्या पितळेची भांडी घडवणारी. स्टीलची भांडी आली, धंदा बसला, आणि ते कॉलेजच्या वर्कशॉपात लागले. पितळेवर त्यांचा जीव होता. काळं पडलेलं पितळ दिसलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची. तीन नळ्यांचा जोड त्यांनी दोनदा केला, दोनदा तोडला. तिसऱ्या वेळी मी मोजून ओरडले, की हाही चुकलाय. त्यांनी माझी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, जोड बरोबर आहे. तुमची पट्टी झिजली." खरंच झिजली होती.

सप्टेंबरात तो चालला. पहिल्या तोंडाला क्लायस्ट्रॉन, दुसऱ्याला लाट टिपणारा डिटेक्टर आणि त्याचा मीटर, तिसऱ्यात ग्रॅफाइट माखलेली लाकडी पाचर, उरलीसुरली लाट गिळून टाकायला. दुसऱ्या तोंडाचा काटा सरसर चढला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. चुंबक चुकूनही उलटे बसू नयेत म्हणून मी आत्तेबहिणीची नेलपॉलिश आणली, वरच्या चुंबकाच्या वरच्या तोंडावर एक लाल ठिपका दिला आणि वहीत लिहून ठेवलं, लाल ठिपका वर. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

शनिवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी वर्कशॉपात हत्यारांची पूजा व्हायची. लेथ, ड्रिल, हातोड्या, कानशी, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, पेढे. मी त्यात नसायचे. आमच्या घरातून ते सगळं छप्पन्न सालीच गेलं होतं आणि मिस्त्रीकाकांना ते ठाऊक होतं. तरी ते दारात आले.

"मॅडम, पूजेले नका थांबू, पण पेढा तं खाऊन जा."

"नाही काका, घरी पाहुणे येऊन राहिले. आणि एक सांगते, माझ्या सर्क्युलेटरला हात लावायचा नाही. कुंकू-बिंकू काही नको त्याला."

शेवटचं मी जरा जोरातच म्हटलं. ते हसले आणि "बरं" म्हणाले.

पाहुणे खरोखरच होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे आमचे सगळे नातेवाईक आत्याच्या दोन खोल्यांत उतरायचे. उमरेडचे, कन्हानचे, पवनीचे. दोन दिवस मी भाकऱ्या थापत होते आणि प्रत्येकाला सर्क्युलेटर समजावून सांगत होते. रविवारी संध्याकाळी सगळे परतीच्या गाड्या पकडायला निघाले, वडील मात्र निघेनात. "उद्या तुहं समजते ना?" ते म्हणाले. "मंग उद्याच जातो." खाणीतली एक पाळी बुडवून ते थांबले.

सोमवारी नऊ वाजता मी प्रयोगशाळा उघडली. सर्क्युलेटर टेबलावर नव्या कोऱ्या भांड्यासारखा झळकत होता. मिस्त्रीकाकांनी ऐकलं नव्हतं, हे उघड होतं, पण वरच्या चुंबकावर लाल ठिपका जागच्या जागी दिसला आणि मी गप्प बसले. क्लायस्ट्रॉन गरम होऊ दिला. मीटर लावला. काटा शून्यावर.

मी जोडण्या तपासल्या, व्होल्टेज तपासलं, डिटेक्टर काढून पुन्हा बसवला. काटा शून्यावर. सर आले, त्यांनीही सगळं फिरवून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "क्लायस्ट्रॉन गेला वाटतं." आमच्याकडे तो एकच होता. नवा यायला वर्ष लागलं असतं. "आपण आकृत्या दाखवू," सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. दहा वाजले होते. घरी वडील आत्याच्या दारात बसून असणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मिस्त्रीकाका कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले. "मॅडम, एक विचारू? आम्ही साच्यात पितळ ओततो. ह्या तोंडातून नाही आलं तं ते कुठं तरी गेलंच असन ना? ते तिकडचं तोंड पाहिलं का तुम्ही?"

मी चिडूनच लाकडी पाचर उपसली आणि डिटेक्टर तिसऱ्या तोंडाला लावला. काटा धाडकन उजवीकडे गेला.

क्लायस्ट्रॉन जिवंत होता! क्षणभर मला हसू फुटलं, आणि लगेच कळेनासं झालं. लाट उलटी फिरत होती. उलटी फिरायला एकच कारण, चुंबक पालथे. पण लाल ठिपका तर वर होता. मी वाकून पाहिलं, ठिपक्यावर बोट घासलं, आणि ठिपका बोटावर आला. कुंकू होतं ते. चुंबक दाबून धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू सोडून तो उचलला. माझी नेलपॉलिश खालच्या तोंडावर, अगदी सुरक्षित.

मग मी बोलले. सरांच्या देखत, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. तुम्हाला साधं सांगितलेलं कळत नाही, देव-देव करून माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत, आणखीही बरंच काही. ते सगळं मी इथे लिहिणार नाही, मला लाज वाटते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मॅडम, सगळ्याची पूजा केली," ते म्हणाले. "लेथची, ड्रिलची, त्या मोडक्या शिकंज्याचीबी. अन् ज्याच्यावर तुमची नोकरी अडून आहे, तेच काळं-मिचकूट ठेवू का? जिवाले बरं नाही वाटलं. चिंचेनं वरून घासलं. चुंबक काढले, पुसले, वरच्याच्या कोऱ्या तोंडावर टिकली लावली. आता टिकलीचं तोंड खाली कसं ठेवाव? म्हणून वर केलं. मंग खालचा चुंबक बसेना, ढकलाढकली करे. त्याले पलटवला तं बसला चिकटून. मले वाटलं, बरोबर बसला." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमची पक्की होऊ दे म्हणून मांगितलं होतं मी. दुसरं काही नाही मांगितलं."

एवढ्या वर्षांत माझ्या नोकरीसाठी रात्रंदिवस काळजी करणारा माणूस एकच आहे अशी माझी समजूत होती.

"चला, उलटे करा लवकर," सर घड्याळ बघत म्हणाले. मिस्त्रीकाका स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकले. पण माझा राग उतरला की डोकं बरं चालतं. "राहू द्या सर," मी म्हटलं. "होता तसाच परत बसवा." एकाच बाजूने चालणारा सर्क्युलेटर दाखवला तर कोणीही म्हणेल, आत आडवी पट्टी टाकली असेल. आपण डोळ्यांदेखत दिशा फिरवून दाखवू. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा डिटेक्टर आणायला स्वतःच कपाटाकडे गेले.

अकराला समिती आली. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही तोंडांना मीटर लावले होते. तिसऱ्याचा काटा वर, दुसऱ्याचा शून्यावर. मी सांगत गेले. तिघांतले सगळ्यांत वयस्क, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ, मध्येच हिंदीत म्हणाले, की नळीत पडदा टाकला तरी असंच दिसेल. हे चुंबकाचं काम, हे कशावरून?

"काका, या," मी म्हटलं.

मिस्त्रीकाका पुढे आले. स्क्रू त्यांनी एका दमात काढले. चुंबक बाजूला होताच तिसऱ्याचा काटा घसरला, दुसऱ्याचा थोडा वर आला, आणि दोन्ही अर्धवट उंचीवर लोंबकळत राहिले. भोवऱ्यांना दिशाच नव्हती. मग त्यांनी दोन्ही चुंबक पालटून बसवले, नेलपॉलिश वर. तिसऱ्याचा काटा शून्यावर पडला आणि दुसऱ्याचा सरसर चढून टोकाला गेला. चष्मेवाल्यांनी बाही सावरली आणि म्हणाले, मला करू द्या. त्यांनी स्वतः चुंबक काढले, उलटे घातले, सुलटे घातले, पुन्हा उलटे घातले. तीनदा. लहान मुलाच्या हातून खेळणं काढून घ्यावं तसं शेवटी दुसऱ्या सदस्याने त्यांना थांबवलं. तेव्हा त्यांना आपलं लाल झालेलं बोट दिसलं. हे काय, त्यांनी विचारलं.

"आमच्या मिस्त्रींनी परवा यंत्राची पूजा केली," मी म्हटलं. "हे सगळं पितळकाम त्यांचंच आहे."

त्यांनी मान हलवली आणि तसंच बोट घेऊन वहीत काहीतरी लिहिलं. पानाच्या कडेला लाल डाग पडला. जाताना ते सरांना म्हणाले, की आम्ही शिफारस करतो.

घरी गेले तर वडील खरंच दारात बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हटलं, "होऊन राहिली बाबा, पक्की." ते आत्याला म्हणाले, "पाणी दे वं थोडं." पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपात गेले. "काका, मी फार चुकीचं बोलले," मी म्हटलं. त्यांनी खिशातून आपट्याची दोन सुकलेली पानं काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "दसऱ्याचं सोनं राहिलं होतं तुम्हाले द्यायचं," ते म्हणाले आणि लेथ सुरू केला. ती पानं मी त्या प्रयोगाच्या वहीत घातली.

नेमणुकीचा कागद यायला होळी उजाडली, पण आला. पुढच्या खंडेनवमीला मी थांबले. हात जोडले नाहीत, जोडणारही नव्हते. दारापाशी स्टूल घेऊन बसले आणि पेढे खाल्ले. मिस्त्रीकाकांनी लेथची पूजा केली, ड्रिलची केली, आणि प्रयोगशाळेतून आणून मांडलेल्या सर्क्युलेटरपाशी येऊन थबकले. चुंबकाला हात न लावता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कुंकवाची वाटी बाजूला सारली, हळदीत बोट बुडवलं आणि माझ्या लाल ठिपक्याच्या शेजारी एक पिवळा ठिपका दिला.

"मॅडम," ते बोट पुसत म्हणाले, "एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? मांगच्या वर्षी चुंबक उलटे होते, तरी मांगणं बरोबर जागी पोचलं."

कुठलीही गोष्ट मी मोजल्याशिवाय मानत नाही. मी आणखी एक पेढा घेतला.